साखरझोप

रात्रीचे पावणेतीन. बॅटरी लागत नाही.
सायमाच्या काठी या दिवसांत अंधार पुरता पडतच नाही,
उजेड तेवढा थकतो
आणि तळ्यावर पालथा पडून राहतो.
हातात ट्रे : सुया, पट्ट्या, कापूस.
काखेत वही. खिशात सरबताच्या चार बाटल्या.
केबिनची तिसरी पायरी करकरते,
म्हणून ती मी गाळते.

बारा खाटा, बारा मुलं.
या वेळेच्या झोपेला साखरझोप म्हणतात,
आणि माझं काम ती मोजण्याचं.

पहिल्या उन्हाळ्यात वाटलं होतं, दचकतील, रडतील.
तसं होत नाही.
पाऊल वाजलं की पांघरुणातून एक हात बाहेर येतो,
डोळे मिटलेले, तोंड उघडं,
एक बोट पुढे.
सिल्वी झोपेतच बजावते, "कडेला टोच, मध्ये नको."
सहा पूर्णांक एक. पाच. साडेसात.
आर्मासची तेरा,
उशीखाली नेलेल्या बनचा चुरा अजून गालाला.

ओइवाचा हात मात्र पोटाखाली, मूठ आवळलेली.
वय नऊ. गावच्या शाळेत तो एकटाच,
डबा खाण्याआधी संडासात जाऊन
टोचून घेणारा.
पहिल्या दोन रात्री मी त्याच्या टाचेतून थेंब घेतला,
तान्ह्या बाळाचा घेतात तसा.

तिसऱ्या संध्याकाळी सगळे सौनात, उघडेबंब.
पोटांवर, मांड्यांवर जुन्या टोचण्यांचे निळे ठिपके,
आणि कुणाचे जास्त यावरून भांडण.
बाहेर आले तर डासांचं मोहोळ.
आर्मासनं दंडावर चापट मारली :
"माझं रक्त प्यायला बिचारा.
त्याला आता इन्सुलिन कोण देणार?"
ओइवा हसला नाही.
पण शर्ट मात्र बराच वेळ घातला नाही त्यानं.

चौथ्या रात्री उशी घामानं भिजलेली.
दोन पूर्णांक सहा.
बसतं केलं, सरबत पाजलं, ब्लूबेरीचं,
ओठ जांभळे झाले.
मग पंधरा मिनिटं थांबायचं असतं.
पंधरा मिनिटं फार लांब असतात,
विशेषतः पाय थरथरत असताना.
तो म्हणाला, "तुझी किती?"
"माझी काय?"
"मी पाहिलं. स्वयंपाकघरामागे. तुझ्याकडे पण पेन आहे."

तेहतीस वर्षं मीच टोचते माझं बोट.
आई होती तोवर कधीमधी ती.
त्यानं धरलं, बिछान्यावर पाय दुमडून,
तोंडातून जीभ जराशी बाहेर,
आणि टोचलं जरा जोरातच.
अकरा पूर्णांक चार.
"काय खाल्लंस?"
"बन."
"किती?"
"दीड."
डॉक्टर करतात तसल्या कपाळाला आठ्या घालून
त्यानं वही ओढली,
बारा नावांखाली तेराव्या ओळीत लिहिलं.
माझं नाव त्याला ठाऊक नव्हतं.
"रात्रपाळी : ११.४"

मग त्याची पुन्हा पाहिली. चार पूर्णांक नऊ.
विचारेपर्यंत तो आडवा झालेला.

शेवटच्या रात्री त्याचा हात आपणहून बाहेर आला
असं सांगायला मला आवडलं असतं.
मूठच होती.
फक्त उशीवर होती, पोटाखाली नाही.
एकेक बोट मी उलगडत गेले,
करंगळीपासून,
तिसऱ्या बोटाला त्यानं हरकत घेतली नाही.
पाच पूर्णांक सात. लिहून घेतलं.

उतरताना तिसरी पायरी गाळायला विसरले.
करकरली.
खिडकीतून पाहिलं :
आत पुन्हा तीन-चार हात बाहेर आलेले,
बोटं पुढे,
कुणीतरी येईल म्हणून.